अजून एक सर यायची हाय, पावणं

पावणं,

परवा घाटावर तुमच्या दहाव्याला माझ्या हातात माईक दिला. "आता व्याही दोन शब्द बोलतील," म्हणाले. माझ्या आधी चार पुढारी बोलून गेले होते, आणि त्यातल्या एकानं तर तुमचं नावच चुकवलं होतं. मी उभा राहिलो, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तुम्ही शेजारी असता तर कोपरानं ढोसून म्हणाला असता, "एवढंच व्हय? कापड आखूड पडलं का काय?" अहो, पण एवढ्या गर्दीत काय बोलणार होतो मी? आपल्या दोघांत जे राहून गेलं ते माईकवरून सांगण्यासारखं नाही. म्हणून हे लिहितोय. कुठं बसून लिहितोय ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुम्ही मिशीत हसाल.

कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरकतात न सरकतात तोच आला. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, कसलीच इच्छा मागं राहिली नाही. मला मात्र राग आला, खोटं कशाला बोलू! वाटलं होतं, तुम्ही त्या कावळ्याला जरा अडवून धराल. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं राहिलं होतं. दिवाळीनंतर त्या टेकाडावर पावसात अडकलो होतो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "आमच्याकडं ऱ्हायला येता का?" आणि मी म्हणालो होतो, "पाऊस थांबू द्या, सांगतो." पाऊस कधीच थांबला. मी काही सांगितलं नाही, आणि तुम्ही निघून गेलात.

आपली गाठ पडली ती पोरांच्या लग्नामुळं. माझी वैशाली तुमच्या संदीपला दिली आणि मांडवात आपण एकमेकांना उचलून व्याहीभेट केली. तेवढ्यात तुमचा फेटा सुटला. त्यानंतर बरीच वर्षं आपण नुसते 'या', 'बसा', 'चहा घ्या' एवढ्यावरच होतो. मी पिंपळवंडीचा, तुम्ही अवसरीचे. मी मुलीचा बाप, तुम्ही मुलाचे. मुलीच्या बापानं तिच्या सासरी दोन घास कमी खावेत आणि चार शब्द कमी बोलावेत, हे मला माझ्या बापानं शिकवलेलं. तुम्हाला त्याचा लई राग यायचा. "पावणं, तुमी काय कोर्टात आलाय का? पाय वर घ्या की बाजंवर!" म्हणायचात. मी पाय खालीच ठेवायचो.

वैशालीची आई गेली तेव्हा सगळे पावणे तेराव्याला आपापल्या वाटेनं गेले. तुम्ही मात्र पुढच्या आठवड्यात जुन्नरला माझ्या दुकानात येऊन बसलात. मी विचारलं, "काय काम काढलं?" तुम्ही म्हणालात, "शर्ट शिवायचाय." त्या सालात तुम्ही माझ्याकडून इतके शर्ट शिवून घेतलेत की विहीणबाईंनी वैशालीला विचारलं म्हणे, "ह्यांना कुठं नोकरी लागली का काय?" दुकानातल्या त्या लोखंडी स्टुलावर बसून तुम्ही गिऱ्हाइकांना कांद्याचा भाव सांगायचात, आणि मधूनच मला, "पावणं, जेवला का?" मी जेवलेलो नसायचो. तुमच्या डब्यात दोघांपुरतं असायचं. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी आभार मानले नाहीत. आज मानतो. उशीर झाला, पण मानतो.

आणि ती पिशवी! मी तुमच्याकडं यायचो ते एका रात्रीपुरता. सकाळी निघायच्या वेळी माझी पिशवी गायब. आपल्याकडं पावण्याला ठेवून घ्यायचं तर त्याची पिशवी लपवायची ही रीतच आहे, पण एकदा लपवतात, दोनदा लपवतात. तुम्ही दर वेळी लपवायचात. गव्हाच्या कोठीमागं, ट्रॅक्टरच्या सीटखाली, बहुतेक वेळा कांदा साठवायच्या बराखीत. मी शोधत फिरायचो आणि तुम्ही बाजेवर बसून, "हितंच असंल की, जाती कुठं?" असं म्हणत तंबाखू मळायचात. तोवर गाडी निघून जायची. एकदा तर तुम्ही ती पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांमागं दडवलीत आणि संदीप ती गाडी घेऊन मंचरच्या बाजारात गेला. माझं धोतर, टॉवेल, चष्म्याचं घर, सगळं आडतीवर फिरून आलं. मी दोन दिवस तुमच्या लेंग्यात राहिलो. तुमचा लेंगा मला किती आखूड व्हायचा ते साऱ्या गावानं बघितलं. मी चिडलो होतो, आणि तुम्ही तोंडाला टॉवेल लावून हसत होतात.

मग ती तुमची नाव. नाव कसली, तराफा! कांदा विकून तुमची बराख मोकळी झाली होती, तिच्यावरची मोठी निळी ताडपत्री रिकामी पडली होती, आणि तुम्ही मोबाईलवर कुठल्या तरी बेटावरची शिडाची होडी बघितलीत. झालं. फवारणीची रिकामी पिंपं बांबूला बांधलीत, मधे डोलकाठी उभी केलीत, आणि ती ताडपत्री खांद्यावर टाकून एसटीनं जुन्नरला माझ्याकडं आलात. "पावणं, शीड शिवायचंय." सबंध आयुष्यात मी विजारी शिवल्या, शाळेचे गणवेश शिवले, लग्नाचे सफारी शिवले. शीड कधी शिवलं नव्हतं. दोन सुया मोडल्या. काठ दुमडून, आत दोरी घालून दुहेरी टीप मारली. "कुठं जायचंय हिनं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कुठंच न्हाई. जलमभर घाईनंच गेलो. बाजार गाठायचा, गाडी गाठायची, लाइट यायची वेळ गाठायची. आता वारा नेईल तिकडं नि नेईल तवा."

डिंभ्याच्या पाण्यावर, काठाच्या वाडीत तुमच्या ओळखीचं घर होतं, तिथं तराफा ठेवला होता. धरण काठोकाठ भरलेलं. पाण्यात जुन्या टेकड्यांचे माथे वर राहिलेत त्यांची बेटं झालीत, त्यातल्या एका टेकाडावर जाऊन भाकरी खायची आणि यायचं, एवढाच बेत. वारा पाठीशी होता. शीड फुगलं तेव्हा तुम्ही असे काही ओरडलात की काठावरची गुरं वळून बघायला लागली. पिंपांना लाटा लागायच्या तेवढाच आवाज. मी पाय वर घेऊन बसलो होतो, पावणं. तुमच्या लक्षात आलं होतं का ते? तुमच्या घरी कधी घेतले नाहीत, पण पाण्यावर घेतले.

ढग मी आधी बघितले. भीमाशंकरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं, आणि दिवाळीनंतरचा अवकाळी कसा येतो ते मला काय माहीत नाही? पण मी म्हटलं, पावण्यानं एवढ्या हौसेनं आणलंय, आता 'माघारी फिरवा' कसं म्हणायचं? तुम्हीही बघितले होते. नंतर तुम्हीच कबूल केलंत. पण तुमच्या मनात, पावण्याला एवढ्या हौसेनं आणलंय, आता 'माघारी फिरू' कसं म्हणायचं? असे आपण दोघं म्हातारे एकमेकांचा मान राखत सरळ त्या ढगाकडं निघालो. संदीपनं नंतर डोक्याला हात लावला. "अहो, दोघांपैकी एकानं पण तोंड उघडलं नाय?" नाही उघडलं. मुलीच्या बापानं म्हणायचं नसतं आणि यजमानानं म्हणायचं नसतं. आपल्याकडं याला रीत म्हणतात. जीव गेला असता तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

वारा फिरला, शीड टरकन फाटलं आणि वल्हं मारत मारत कसंबसं टेकाड गाठलं. तराफा वर ओढला. पावसानं असं झोडपलं की हातभर पुढचं दिसेना. एका जुन्या घराचं दगडी जोतं होतं वर, त्याच्या आडोशाला बसून आपण ते फाटकं शीड डोक्यावर धरलं. तुम्ही एक टोक, मी एक टोक. आणि एवढ्या पावसात तुमचं पहिलं वाक्य काय, तर "पावणं, तुमची शिवण उसवली." मी म्हटलं, "शिवण न्हाई उसवली, ताडपत्री फाटली. शिवणीच्या शेजारी फाटली." "शिवणीतच गेली." "शेजारी!" थंडीनं दात वाजत होते आणि आपण भांडत होतो. माझी टीप उसवली असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते भांडण आपलं मिटलं नाही. काठाला लागल्यावर तुम्ही ताडपत्री गुंडाळून घरी नेलीत आणि मला नीट बघू दिली नाहीत.

विहीणबाईंनी दिलेली शिदोरी तुम्ही सदऱ्याच्या आत धरून कोरडी ठेवली होती. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेल्या मासवड्या. तुम्ही एक मासवडी उचललीत आणि ती हातात तशीच धरून विचारलंत.

"पावणं, एकटं किती दिस काढणार तिकडं?"

"एकटा कुठं? मशीन हाय की."

"मशीन काय ताप आल्यावर कपाळाला हात लावणार हाय?"

मी ठेच्याला भाकरी लावली.

"आमच्याकडं ऱ्हायला येता का? वट्यावर दुसरी बाज टाकू. संदीप कंपनीत जातो, पोरं शाळंत जात्यात, घरात बायकांची कामं. मला बी बोलाया माणूस न्हाई ओ."

"काहीतरीच काय! लेकीच्या सासरी बाप ऱ्हातो का कुठं? गाव काय म्हणंल?"

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला रोज ऐकू येतं. "तुमाला लेकीच्या घरी या कोण म्हणतंय? मी माझ्या घरी या म्हणतोय."

मी म्हटलं, घर एकच की. तुम्ही म्हणालात, एकच कसं? मी म्हटलं, आमच्या घराण्यात असं कुणी केलं नाही. तुम्ही म्हणालात, तुमच्या घराण्यात शीड तरी कुणी शिवलं व्हतं? मग मी म्हणालो, "पाऊस थांबू द्या, सांगतो."

पाऊस थांबला. आभाळ फाकलं, पाण्यावर ऊन पडलं, समोरच्या डोंगरावरचे ओहोळसुद्धा दिसायला लागले. मी उठायला गेलो तर तुम्ही माझा हात धरून खाली बसवलंत. पश्चिमेला निरखून बघितलंत आणि म्हणालात, "बसा. अजून एक सर यायची हाय."

कसली सर आणि कसलं काय! ढगाचा ठिपका नव्हता. तुम्हालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. तुम्ही मला पिशवी लपवल्यासारखं त्या टेकाडावर लपवून ठेवलं होतंत, उत्तर दिल्याशिवाय सोडणार नव्हतात. आणि मीही हातानं डोळ्यांवर सावली धरली, आभाळाकडं बघितलं आणि म्हणालो, "व्हय. येईल असं वाटतंय." मग आपण उन्हात, न येणाऱ्या सरीची वाट बघत बसून राहिलो. कपडे अंगावरच वाळले. तुम्ही वैशालीचं कौतुक केलंत. मी बायकोच्या शेवटच्या दिवसांतलं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ऊन कलल्यावर काठावरची माणसं होडी घेऊन शोधायला आली, तेव्हा आपल्याला दोघांनाही ते आवडलं नाही. इतका सुखाचा दिवस मला म्हातारपणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

उत्तर मात्र मी दिलं नाही. होडीत तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत, मी पाण्याकडं बघितलं. नंतर फोनवर तुम्ही विषय काढला नाही. फक्त ठेवताना म्हणायचात, "मग? थांबला का पाऊस तुमच्याकडचा?" मी म्हणायचो, "भुरभुर चालूच हाय." तुमच्या गावच्या यात्रेला येईन, महिनाभर राहून बघीन, असं मनात घोळत होतं. हो म्हणणार होतो का मी? आता 'म्हणणारच होतो' म्हणायला काय जातंय! खरं सांगतो, माहीत नाही. तुम्ही अजून दोन-चार वेळा विचाराल एवढं मात्र धरून चाललो होतो. मग तुम्ही गेलात त्या सकाळी संदीपचा फोन आला. तो नुसता "मामा" म्हणाला आणि पुढं बोलेना. मला वाटलं, नेहमीसारखं तुम्हीच त्याला फोन लावायला लावलाय.

आणि आता बघा काय झालंय. तुम्ही म्हणाला होतात, माझ्या घरी या. तुम्ही होतात तोवर तुमचं घर होतं, आणि मला तिथं येऊन राहता आलं असतं, गाव काहीही म्हणो. तुम्ही गेलात आणि ते घर नुसतं लेकीचं सासर झालं. आता तर विहीणबाई एकट्या. मी कुठल्या नात्यानं यायचं? तो सबंध वाद तुम्ही माझ्या बाजूनं निकालात काढून गेलात. कधी नव्हे ते मी जिंकलो, पावणं, आणि असलं जिंकणं मला नको होतं!

परवा घाटावरून घरी आलो. जेवणं उरकली, माणसं पांगली. मी वैशालीला म्हणालो, "निघतो गं, तेराव्याला येतो." पिशवी घ्यायला ओट्यावर आलो. सवयीनं आधी कोठीमागं बघितलं. मग अंगणात जाऊन ट्रॅक्टरच्या सीटखाली हात घातला. मग माघारी येऊन वर बघितलं. पिशवी खुंटीला होती. सकाळी मी अडकवली होती तिथंच. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

सरणाजवळ मला रडू आलं नव्हतं. सावडायच्या दिवशी आलं नव्हतं. लोक म्हणत असतील, काय दगड माणूस आहे. त्या खुंटीखाली मी पोरासारखा रडलो.

मग पिशवी घेतली, पायात चपला घातल्या, पण पाय फाट्याकडं वळेनात. बराखीत गेलो. आत तुमची ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. उलगडली. दारातल्या उजेडात धरून काठापासून काठापर्यंत बघितली. शिवण शाबूत आहे, पावणं. एक टाका सुटलेला नाही. शेजारी फाटली आहे, चांगली वीतभर शेजारी. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणून बघू दिलं नव्हतंत! मोठ्यानं म्हणालो, "बघा, म्हटलं व्हतं का न्हाई?" पण बराखीत कोण होतं ऐकायला?

ताडपत्रीची पुन्हा घडी घातली. आणि मग काय मनात आलं, माझी पिशवी त्या घडीच्या मागं, पार भिंतीशी सारली, वरून दोन रिकाम्या गोण्या टाकल्या. हात झटकून ओट्यावर आलो आणि म्हणालो, "वैशे, माझी पिशवी कुठं दिसंना गं."

वैशाली दारात आली. रिकाम्या खुंटीकडं बघितलं, माझ्या बाहीला लागलेल्या कांद्याच्या सालपटाकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले. ती काही बोलायच्या आत आतून आवाज आला. विहीणबाई आजवर माझ्याशी थेट बोललेल्या नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. पदर घेऊन, दाराआडून, वैशालीकडून 'पावण्यांना म्हणावं' असंच. परवा त्या माझ्याशी बोलल्या.

"ऱ्हाऊ द्या पावणं, आजच्या दिस नगा जाऊ. अजून एक सर यायची हाय."

म्हणजे तुम्ही घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं होतंत.

बाहेर लख्ख ऊन होतं. मी ओट्याच्या कडेला गेलो, डोळ्यांवर हात धरला, आभाळाकडं बघितलं आणि म्हणालो, "व्हय. येईल असं वाटतंय."

ही परवाची गोष्ट. तुमच्याच बाजेवर, पाय वर घेऊन बसलोय आणि लिहितोय. आजही आभाळ स्वच्छ आहे. पिशवी अजून सापडलेली नाही.